प्लग बदलला, मामा

मामा, प्लग बदलला. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही तिथेच होतात, ओटीवर, पांढऱ्या चादरीखाली, पण त्या आवाजाला उठला नाहीत. एरवी गावात कुठेही लाकूड कापायचा कटर सुरू झाला तरी तुम्ही शेताच्या बांधावरून कान टवकारायचात. “चेन बोथट हाय त्याची. रडतंय बघा मशीन,” असं म्हणून पुन्हा चिखलात हात घालायचात.

तो आवाज मला अजून येतो. रात्रपाळी करून रोह्याला घरी आलो की मी दुपारी झोपतो. खिडकीबाहेर पाऊस असतो. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत कुठेतरी लांब, खाडीच्या बाजूला, एक कटर चालू असतो. तो कोण चालवतंय हे मला माहीत असतं. आंब्याच्या भुशाचा गोडसर वास येतो, त्यात जळक्या तेलाचा धूर मिसळलेला असतो. मी उठत नाही, कारण उठलो की तो बंद पडणार हेही माहीत असतं. सुनंदा चहा घेऊन येते आणि विचारते, “जागे आहात का?” तुमच्या लेकीच्या हातून मी डोळे न उघडताच कप घेतो.

मी तुमचा जावई. पंचवीस वर्षांत कासूच्या तुमच्या घरी तुम्ही मला कुठल्याच कामाला हात लावू दिला नाहीत. मी कंपनीत फिटर. दिवसभर पंप खोलतो, बेअरिंग बसवतो, माझ्या नखांतलं ग्रीस लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. पण तुमच्या अंगणात मी पाऊल टाकलं की तुम्ही खोपीतल्या त्या ओंडक्याकडे बोट दाखवायचात.

“बसा, जावईबुवा.”

“मामा, द्या ना मी कापतो थोडं.”

“तुमच्या हाताला चेन लागली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. बसा. आयका फकस्त.”

मग मी बसायचो आणि ऐकायचो. तो ओंडका त्या मोठ्या वादळात पडलेल्या आंब्याचा, बुंध्याकडचा तुकडा, खाटेएवढा लांब. बाकीचं सगळं झाड तुम्ही कापून फोडून जाळलंत, वाटलंत, पण तो ठेवलात. माझी जेवणाची पिशवी अडकवायला त्याच्या बाजूला एक खिळाही ठोकलात. हिराजीकाका, तुमचे लहानपणापासूनचे दोस्त, येता-जाता म्हणायचे, “रघ्या, जावयाला सिंहासन केलंस, आता छत्री पन धर.” तुम्ही म्हणायचात, “तुझा जावय येतो तवा तू घरात लपतोस, त्यापरीस बरं.”

त्या सिंहासनावर बसून मी कटर शिकलो. हात न लावता, नुसत्या कानांनी.

चेन थंड असताना घट्ट करायची. ती जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या मधोमध चिमटीत धरून वर ओढायची. जराशी उचलली पाहिजे, पण सोडली की परत खाचेत बसली पाहिजे. खाली लोंबत असेल तर सैल, हाताने सरकतच नसेल तर फार घट्ट. “गरम चेन घट्ट केली तर थंड झाल्यावर ती पट्टीचा गळा आवळते,” असं तुम्ही म्हणायचात. काम करण्याआधी प्रत्येक दाताला कानस, एकाच दिशेने, आतून बाहेर, आणि सगळ्या दातांना सारखीच. एका बाजूला जास्त झाली तर मशीन लाकडात वाकडं जातं. धार आहे की नाही हे दाताकडे बघून कळत नाही, भुशाकडे बघून कळतं. धार असेल तर कपच्या उडतात, तांदळाच्या कण्यांसारख्या. पीठ पडायला लागलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. तुमचं हे वाक्य मी कंपनीत नव्या पोरांना सांगतो, कुठून आलं ते न सांगता: “जोर लावायची वेळ आली म्हंजे धार गेलेली हाय.”

बोलता बोलता तुम्ही कापत असायचात. डोळ्यांवर मी कंपनीतून आणून दिलेला चष्मा, पायात माझेच जुने बूट. खांद्यावरचा पंचा मात्र आधी काढून खुंटीला टांगायचात, कारण चेनला कापड ओढायला वेळ लागत नाही. मशीन कधी हातात लोंबकळत सुरू केलं नाहीत. जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून, मगच दोरी ओढायची. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही, लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळवून घ्यायचा. आणि स्वतः कापाच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला.

आमचं एकाच गोष्टीवरून कधी जमलं नाही. तेल. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल तुम्ही अंदाजाने ओतायचात, आणि अंदाज नेहमी सढळ. मी म्हणायचो, “मामा, बाटलीवर प्रमाण लिहिलंय. मोजून घाला. जास्त तेलाने प्लग काळा होतो, मशीन धूर मारतं.” तुम्ही म्हणायचात, “सुक्या भाकरीपरीस तेलाची बरी. मशीनलाबी तसंच.” मी म्हणायचो, मशीन म्हणजे माणूस नव्हे. तुम्ही म्हणायचात, मग माणूस म्हणजे तरी काय. आणि चहा यायचा.

हा वाद मला अर्धवट ठेवायचा नव्हता. आता तो माझ्या एकट्याच्या डोक्यात चालतो आणि दोन्ही बाजू मीच बोलतो.

खोपीत ओंडक्यामागे तुमची पावसाळ्याची रास असायची. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं होतं, चुलीची लाकडं. पण घरात गॅस होता आणि मामी त्या राशीला हात लावत नव्हत्या. मग तुम्हीच एकदा सांगितलंत. तुमची आई ऐन आषाढात गेली होती. गावाने लाकूड आणलं, घरटी एक, रीतीप्रमाणे, पण सगळं भिजलेलं. डिझेल ओतलं, टायर टाकले. दिवसभर नुसता काळा धूर. “आईला धुरात उभी केली मी,” असं म्हणालात आणि कानस घेऊन पुन्हा दातांकडे वळलात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तुम्ही एका माणसापुरतं सुकं लाकूड खोपीत रचून ठेवायचात. पावसात गावात कोणाचंही झालं की ती रास जायची. कोणाचंच झालं नाही, तर पुढच्या साली होळीला जायची आणि नवी रचायची.

तीच रास मी या वैशाखात तुमच्याकडून नेली.

आमच्या लेकीच्या, मयुरीच्या लग्नाला आचारी म्हणाला, भात चुलीवरच करू, गॅस परवडत नाही. मी तुम्हाला फोनवर सहज बोललो. खरंच सहज, मागायचं मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो रोह्यात माझ्या दारात. पुढे ड्रायव्हरशेजारी तुम्ही, मांडीवर नारळ. “नातीच्या लग्नाच्या चुलीला आजोळचंच लाकूड,” असं म्हणालात. मी ओळखलं ते लाकूड. “मामा, ही तर पावसाळ्याची.” तुम्ही म्हणालात, “पावसाला येळ हाय अजून. पुन्ना भरतो. लग्नात असलं इचारायचं नसतं.” आणि मी विचारलं नाही.

लग्न झालं. भात छान झाला होता. मग तुमचा फोन आला की कटर सुरूच होत नाही, प्लग गेलाय, येताना रोह्याहून घेऊन या. मी हसून म्हणालो, “तेल मोजून घालाल असं कबूल करा, उद्याच आणतो.” तुम्हीही हसलात. “बघू,” म्हणालात.

प्लग मी त्याच आठवड्यात घेतला, मामा. तो माझ्या स्कूटरच्या डिकीत होता. स्वतः यायचं, तुमच्यासमोर जुना प्लग काढून त्यावरची काजळी दाखवायची, असं मनात होतं. मला तो वाद जिंकायचा होता. मग एकाची पाळी मी घेतली, दुसऱ्याची घेतली, मग शटडाऊनचं काम लागलं. तुम्ही पुन्हा फोन केलात. “घाई नाय. सवडीनं या. तुमीच या पन.” मी म्हणालो, या रविवारी. पाऊस लागला तरी तो रविवार आला नाही. डिकी उघडली की रेनकोटखाली प्लगचं ते छोटं खोकं दिसायचं आणि मी डिकी बंद करायचो.

लावणीच्या दिवसांत सकाळी सुनंदाचा फोन कंपनीत आला. तुम्ही बांधावर बसलात आणि बसलेलेच राहिलात.

रोह्याहून कासूपर्यंतचा तो रस्ता मला नीट आठवत नाही. सुनंदा मागे बसली होती. नागोठण्याच्या पुढे पाऊस इतका दाट होता की शेतं दिसत नव्हती, फक्त पाण्यात उभी, वाकलेली माणसं. प्रत्येक वाकलेला माणूस मला तुमच्यासारखा दिसत होता. वाटलं, यांतला एक कोणीतरी मान वर करेल आणि म्हणेल, आलात व्हय, बसा.

घरी पोचलो तेव्हा गाव जमलं होतं. घरटी एक लाकूड येत होतं, रीतीप्रमाणे, आणि प्रत्येक लाकडातून पाणी निथळत होतं. खोपी रिकामी होती. रास होती तिथे जमिनीवर फक्त सुकी चौकट उरली होती. भिंतीला टेकलेली कुऱ्हाड होती, आणि तिच्याशेजारी थोडंसं ओलं लाकूड, फोडून नीट रचलेलं. कटर बंद, म्हणून तुम्ही कुऱ्हाडीने सुरुवात केली होती. या वयात, त्या कुऱ्हाडीने, माझ्या डिकीत तो प्लग असताना.

हिराजीकाका डोळे पुसत म्हणाले, “डिझेल आणायला पाठवतो. पावसात दुसरं काय करायचं.”

“डिझेल नको,” मी म्हणालो.

“मंग काय, पावनं? सुकं लाकूड हाय कुठं?”

मी त्या ओंडक्याकडे बघितलं. हिराजीकाकांनीही बघितलं. वादळापासून इतकी वर्षं छपराखाली, थेंब न लागता पडलेला आंबा. गावात त्याच्याइतकं सुकं दुसरं काही नव्हतं.

“त्याला तो कोनाला हात लावू द्यायचा नाय,” काका म्हणाले. “तुमची जागा ती.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

“आनि कापनार कोन? कटर बंद हाय.”

मी स्कूटरकडे गेलो आणि रेनकोटखालून ते खोकं काढलं.

जुना प्लग काढला. काळाकुट्ट, तेलाने माखलेला. माझं खरं होतं. तुमच्यासमोर हा क्षण कसा असेल हे मी कितीदा मनात रंगवलं होतं. आता तो हातात धरून उभा होतो आणि दाखवायला कोणी नव्हतं. मग डब्यातलं पेट्रोल बघितलं. त्याचा रंग हलका होता, बरोबर. डब्याशेजारी खोकल्याच्या औषधाचं मोजायचं झाकण पडलं होतं, आणि त्याला टू-टी ऑईलचा वास होता. तुम्ही मोजून घालायला लागला होतात. मला सांगितलं नव्हतंत, समोर दाखवायचं असणार. दोघंही एकमेकांना दाखवायला थांबलो होतो, मामा.

फिल्टर ब्रशने झाडला. चेन तुम्ही जळक्या तेलाच्या डब्यात बुडवून ठेवलेली, कारण खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. ती पुसून बसवली, चिमटीत धरून ओढून बघितली. कानस घेतली. दात मोजून, सगळ्यांना सारखीच. बाहेर बायकांचं रडणं चालू होतं आणि मी आत कानस चालवत होतो. कोणाला वाटलं असेल, याला काय सुचतंय. पण तुम्हीच म्हणायचात, घाईच्या दिवशी धार पहिली.

मग ओंडक्यावरून तळहात फिरवला. लाकूड कापायच्या आधी खिळा शोधायचा. तो कुठे होता हे मला माहीतच होतं. पकडीने ओढला तेव्हा बारीक किरकिर झाली. तो खिळा मी खिशात टाकला.

हिराजीकाका मध्ये आले. “जावयानं हितं मशीन धरायचं नाय, पावनं. रघ्याला आवडनार नाय. पोरांना सांगतो.”

तेव्हा दारातून मामी बोलल्या. “कापू द्या त्यांना,” म्हणाल्या. “आज त्यांना बसा म्हनायला कोन हाय?”

मशीन जमिनीवर ठेवलं, मुठीत पाय रोवला, दोरी ओढली. पहिल्या ओढीला खोकलं. दुसऱ्या ओढीला सुरू झालं.

त्यानंतरचं मला स्वप्नातल्यासारखं आठवतं. पोरांनी पहारीने ओंडका उचलून खाली आडवी लाकडं सारली, चेन मातीला लागू नये म्हणून. मी पट्टी लाकडावर टेकवली आणि जोर लावला नाही. ती आपल्या वजनाने आत गेली. कपच्या उडायला लागल्या, कण्यांसारख्या, पिवळट, माझ्या बुटांवर, पत्र्याच्या पागोळ्यांत, पाण्यावर तरंगत अंगणभर. इतक्या वर्षांचा आंबा आतून अजून गोड वासाचा होता. काप निम्म्याच्या पुढे गेला की लाकूड बसून चेन चिमटीत धरतं, तिथे पाचर ठोकली. शेवटचा थोडा भाग ठेवून ओंडका फिरवला आणि दुसऱ्या बाजूने कापला. तुमचा आवाज बाजूलाच होता. रेषेत उभं राहू नका. टोक सांभाळा. अंगठा खालून. कधीतरी मला वाटलं की मी ओंडक्यावर बसलोय आणि कापताय तुम्ही, आणि आपण दोघांनी जागा कधी बदलली ते कळलंच नाही.

पोरांनी गोल काप फोडले. घरटी आलेली ओली लाकडं बाहेरच्या अंगाला लावली, आंबा आतल्या अंगाला, तुमच्याजवळ. खाडीकडच्या स्मशानातल्या शेडमध्ये तुमच्या पुतण्याने अग्नी दिला. पाऊस पत्र्यावर वाजत होता. धूर थोडाच झाला, पांढरा, आणि लगेच सरळ वर गेला. मग नुसती ज्योत. हिराजीकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ऊब लागंल त्याला.” मी मान हलवली. तुम्ही धुरात उभे राहिला नाहीत, एवढंच मला सांगता येतं.

बाराव्याला सगळे पाहुणे गेल्यावर मी मामींपाशी बसलो आणि सगळं बोलून टाकलं. रास मी नेली. प्लग माझ्याकडे होता. माझ्यामुळे त्यांनी कुऱ्हाड धरली. मामी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“पेनच्या बाजारात प्लग मिळत नाय व्हय?” त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

“अवो, पावसाआधी ते चारदा गेले आसतील पेनला. बियाणं आणलं, ताडपत्री आणली, माझी गोळी आणली. मी म्हनलं, तो प्लगबी आना. तर म्हनाले, तो जावईबुवा आणनार हायेत.” मामींनी एक खडा काढून बाजूला टाकला. “आनि कुऱ्हाड काय, ती त्यांच्या हातात नेहमीचीच. छातीत दुखत हुतं शिमग्यापासनं. मला बी सांगितलं नाय, डाक्टरलाबी नाय. तुमाला कुठनं सांगनार.”

माझ्या मनात तो फोन होता. घाई नाय. तुमीच या पन.

त्यांनी माझ्यावरचा दोष काढून घेतला असं मला वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी प्लग वेळेवर आणला नाही, हे चूक म्हणून समजायला सोपं होतं. तुम्हाला प्लग नको होता आणि मी नुसता प्लगचाच विचार करत राहिलो, हे घेऊन कुठे बसू, मामा? बसायची जागाही आता उरली नाही.

त्यानंतर दोन-तीनदा येऊन गेलो. मामी प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. मी तिच्यावर पिशवी ठेवतो आणि कामाला लागतो. वादळात मोडलेलं एक जुनं ऐनाचं झाड अजून मागच्या बांधावर उभंच सुकलेलं आहे. पावसाची उघडीप मिळाली की त्याच्या फांद्या थोड्या थोड्या कापून खोपीत रचतो. नवी रास अजून माझ्या गुडघ्याएवढीसुद्धा झालेली नाही. हिराजीकाका येतात, बघतात. परवा म्हणाले, “रघ्यासारखी रचता नाय येत तुमाला. वाकडी हाय.” मी म्हणालो, शिकवा. ते म्हणाले, “मी कशाला शिकवू? मी काय तुमचा सासरा?” आणि राशीवरचं एक लाकूड उचलून सरळ ठेवून गेले.

गेल्या रविवारी काम संपल्यावर तुमच्या पद्धतीने सगळं केलं. टाकी रिकामी केली, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवलं, म्हणजे आत काही गोठून राहत नाही. चेन तेलात. पट्टी उलटी करून लावली, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. वर पोतं टाकलं. ते पोतं उचलणारं घरात आता कोणी नाही.

आणि काल संध्याकाळी मामींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. पाऊस कसा, सुनंदाची कंबर कशी, मयुरी सासरी रमली का. मग म्हणाल्या, “जावईबुवा, त्या मशीनला कायतरी झालंय वाटतं. चालू होत नाय. सवड झाली की बघून जावा.”

मी विचारलं नाही, कोणी चालू करून बघितलं. उद्याच येतो म्हणालो. आज सुट्टी टाकली आहे, आणि डिकीत एक नवा प्लग.